पाटी, खडू आणि चाळिशी : वस्तीत साक्षरता वर्ग कसा चालवावा

८ सप्टेंबर, जागतिक साक्षरता दिन. आमच्या कॉलेजच्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) फेरी सोलापूरच्या पूर्व भागातून निघाली होती. पुढं बॅनर, मागं घोषणा, दोन्ही बाजूंनी फोटो काढणारी पोरं. एका ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या अक्कांनी मला हाक मारली. ‘काय लिहिलंय गं त्या पाटीवर?’ मी वाचून दाखवलं, ‘शिका, साक्षर व्हा.’ हात न थांबवता त्या म्हणाल्या, ‘बरं. कुठं यायचं शिकायला?’

आमच्या दीडशे जणांच्या फेरीत याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. पुढच्या महिन्यात आम्ही तिघींनी त्याच गल्लीत वर्ग सुरू केला. तो कसाबसा उभा राहिला, दोनदा बंद पडता पडता वाचला आणि अजून चालू आहे. अठरा-वीस वर्षांच्या कुणाला असं काही करायचं असेल, तर आम्ही खाल्लेल्या ठेचा त्यांना तरी लागू नयेत म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. मी सांगते ते बिडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीचं आहे. तुमच्याकडं यंत्रमाग असतील, वीटभट्टी असेल, मासळीबाजार असेल. त्याप्रमाणं बदल करून घ्या.

पायरी पहिली : आधी स्वतःचं वेळापत्रक मांडा

वर्ग बंद पडतात ते बहुतेक वेळा शिकवणारा गळाल्यामुळं. म्हणून वस्तीत जायच्या आधी घरी बसून हिशेब करा. आठवड्याला तीन दिवस, दर वेळी दीड तास, असं वर्षभर धरलं आणि सण, परीक्षा, आजारपण वजा केलं, तर हातात साधारण दीडशे तास उरतात. कधी पाटी न धरलेल्या माणसाला साधा मजकूर सावकाश वाचता यायला एवढा वेळ लागतोच. ‘महिन्याभरात साक्षर’ असं कुणी म्हणालं तर समजावं की सही करायला शिकवून फोटो काढायचा बेत आहे.

एकट्यानं सुरू करू नका. किमान तिघं हवेत, म्हणजे एकाची परीक्षा, एकाचा ताप आणि एकाच्या मावसबहिणीचं लग्न एकाच आठवड्यात आलं तरी वर्ग उघडा राहतो. शिकणाऱ्या बायका असतील तर शिकवणाऱ्यांत मुली असाव्यात. मुलगा असू नये असं अजिबात नाही, पण नुसत्या दोन पोरांनी दुपारी बायकांचा वर्ग घेतला की गल्लीत चर्चा सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी सासू सुनेला पाठवत नाही.

एनएसएसमध्ये असाल तर हे तास तिथं धरले जातात. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर पूर्ण करायचं असतं. गावातले रस्ते झाडण्यात ते तास घालवण्यापेक्षा वर्गाची हजेरीवही कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच दाखवून ठेवा. नंतर प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागत नाहीत.

पायरी दुसरी : घरोघरी जा, पण ‘वाचता येतं का?’ असं विचारू नका

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती; पुरुषांची ८८.३८, बायकांची ७५.८७. जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरची, कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारी व्यक्ती. पण दारात आलेल्या माणसानं विचारल्यावर घरातला कर्ता ‘हो, सगळ्यांना येतं’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही विचाराल तेव्हाही तेच होईल. ‘तुम्ही अडाणी आहात का?’ या प्रश्नाला कोण हो म्हणेल?

आम्ही पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन गेलो आणि बावीस घरांतून ‘आमच्यात सगळे शिकलेले’ हेच उत्तर घेऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवली. ओट्यावर बसून विचारलं, फोनमध्ये लेकीचा नंबर कसा शोधता? एका अक्कांनी फोन दाखवला. लेकीच्या नावापुढं पोरानं गुलाबाचं फूल टाकून ठेवलं होतं, जावयापुढं मोटरसायकल. दुसऱ्या म्हणाल्या, गोळ्यांचं पाकीट रंगावरून ओळखते, पण या वेळी दवाखान्यानं रंग बदलला. तिसरीचा सल वेगळाच होता. कारखान्यात बिड्या जमा करताना किती माल घेतला आणि किती छाट (खराब म्हणून नाकारलेल्या बिड्या) काढली, ते कार्डावर लिहून मिळतं. तिथं काय लिहिलंय ते तिला शेजारच्या पाचवीतल्या पोराकडून वाचून घ्यावं लागायचं. पोरगं खेळायला गेलं की हिशेब राहिला.

हीच तुमची यादी. कुणाला काय वाचायचं आहे ते तिच्या शब्दांत घरी आल्यावर लिहून ठेवा. पुढं अभ्यासक्रम यातूनच निघतो. आमच्या यादीत होतं : स्वतःचं नाव, कारखान्याचं कार्ड, एसटीची पाटी, औषधाचं नाव, बचत गटाच्या ठरावावर अंगठ्याऐवजी सही आणि एका आजींचं ‘हरिपाठ बघून म्हणायचाय’. पाठ होताच त्यांना सगळा, तरीही.

त्या आजींसारखीच इच्छा ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावच्या आज्यांची होती. पारायणाला बसावं तर पोथी वाचता येत नाही. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ पासून त्यांच्यासाठी दुपारची शाळा भरवली. गुलाबी नऊवारीतल्या साठीपुढच्या विद्यार्थिनी देशभर गाजल्या त्या नंतर. सुरुवात पोथीपासून झाली होती.

पायरी तिसरी : मुलं की मोठी माणसं, हे ठरवा

दोन्ही एकाच वेळी नको. पोरं आली की आया मागं सरकून बसतात आणि ‘त्यालाच शिकवा, आमचं काय आता’ म्हणतात. वेळ वेगळी ठेवा, जमल्यास दिवसही.

मुलांचं काम निवडलंत तर इयत्ता विचारू नका, वाचायला द्या. खेड्यापाड्यांतल्या मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात ती वाचनचाचणी कुणालाही वापरता येते आणि फार सोपी आहे. मुलापुढं आधी पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद ठेवायचा. तो न अडखळता, दोन-तीन चुकांत वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर सुटे शब्द, पाचपैकी चार आले पाहिजेत. तेही नाही तर अक्षरं. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. मग गट इयत्तेप्रमाणं न करता या पातळीप्रमाणं करायचे. आमच्याकडं सहावीतला एक मुलगा आणि दुसरीतली त्याची बहीण एकाच गटात आली. तो चिडला, दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला गटाची पुस्तकपेटी उघडायची किल्ली दिली, मग आला. गोष्टीच्या गटात तो पोचला ते चार महिन्यांनी.

शाळेतच न जाणारं मूल सापडलं तर आपल्या वर्गात ठेवून घेऊ नका, शाळेत न्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि जन्मदाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. पालक शाळेच्या फाटकाशी बुजतात, त्यांच्यासोबत तुम्ही उभं राहायचं. एवढंच.

इथून पुढचं मुख्यतः मोठ्यांच्या वर्गाविषयी, कारण त्याबद्दल सांगणारं फार कमी मिळतं.

पायरी चौथी : जागा आणि वेळ

जागा अशी हवी जिथं बायका एरवीही बसतात. आम्ही हुशारी करून समाजमंदिर मिळवलं. मोठा हॉल, पंखे, फळासुद्धा. किल्ली ज्यांच्याकडं होती त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात दारावर स्वतःचा फोटो असलेला ‘यांच्या सौजन्याने’ फलक लावला. गल्लीतल्या दुसऱ्या गटाच्या घरातल्या बायका येणं बंद झालं. चौदा होत्या, सहा राहिल्या. मग एका अक्कांच्या घरासमोरच्या ओट्यावर वर्ग हलवला. तिथं फळा नव्हता, पंखा नव्हता, शेजारची शेळी अधूनमधून पाटी चाटून जायची. तिथं एकवीस झाल्या.

जागा बघताना तीन गोष्टी तपासा. उजेड : पिवळ्या बल्बाखाली पन्नाशीच्या डोळ्यांना काही दिसत नाही, शक्यतो दिवसाच वर्ग घ्या. मोरी किंवा संडास जवळ आहे का. आणि पत्ते खेळणारा पुरुषांचा कट्टा समोर नाही ना.

वेळ तुमच्या सोयीची नको. बिडीवाल्या बायकांचा माल सकाळी कारखान्यात जमा होतो, स्वयंपाकपाणी उरकून दुपारी वळणं सुरू होतं. आमचं कॉलेज सकाळचं, म्हणून तीन ते साडेचार जमलं. पण दीड तास हात रिकामा ठेवणं म्हणजे त्यांच्या मजुरीला खार. दिवसाकाठी हजार बिड्या व्हायच्या असतात. म्हणून पहिला पाऊण तास सूप मांडीवरच राहतं : मी वाचते, त्या ऐकतात, फळ्याकडं बघून तोंडी म्हणतात. नंतरचा पाऊण तास सूप बाजूला आणि पाटी मांडीवर. ही वाटणी आम्ही केली नाही, त्यांनीच केली. आम्ही आपले ‘वर्गात काम नको’ म्हणत होतो!

पायरी पाचवी : सामान

फार लागत नाही. वीस पाट्या, खडू, पेन्सिली, चार रेघी वह्या, काळा रंग दिलेला प्लायवूडचा तुकडा. सगळं दोन-अडीच हजारात बसतं. देणगी मागायला पावतीपुस्तक छापू नका. पैशाचा व्यवहार जितका कमी तितकी झोप चांगली. जो खर्च होईल तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि कुणीही मागितलं तर दाखवा.

वाचनाचं साहित्य वस्तीतच असतं. जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका, साबणाची वेष्टनं, लाइट बिल, गोळ्यांच्या पट्ट्या. लग्नपत्रिका तर सोनं आहे, कारण त्यातली नावं ओळखीची असतात आणि ओळखीचं नाव शोधायला माणूस जिवाचं रान करतो.

आणि चष्मा. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन महिन्यांत तीन बायका गळाल्या. डोकं चालत नाही, आमच्या नशिबात नाही, असं सांगत. त्यातल्या एकीनं एक दिवस माझी पाटी हात लांब करून धरली, अगदी कोपर ताठ होईपर्यंत, आणि ‘म’ बरोबर ओळखला. तेव्हा ट्यूब पेटली. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, म्हणूनच तर त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो! ज्यांना कधी वाचायचंच नव्हतं त्यांना डोळे उतरल्याचं कळणार कसं? सुई ओवायला पोरगं होतंच. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना नेऊन डोळे तपासून घेतले. अकरा जणींना चाळिशी लागली. गळालेल्या तिघी परत आल्या. वर्ग सुरू करतानाच हे करा, दुसरं काही करा न करा.

पायरी सहावी : शिकवायचं काय, कोणत्या क्रमानं

‘अ अननसाचा’पासून सुरुवात नको. अननस आमच्या गल्लीत कुणी आणत नाही आणि बारा स्वर पाठ करण्यात पंधरा दिवस गेले तरी हातात एकही शब्द येत नाही. सुरुवात स्वतःच्या नावानं करा. नाव लिहिलेली पट्टी पहिल्याच दिवशी प्रत्येकीला द्या. तीच हजेरी : आल्यावर ढिगातून आपली पट्टी शोधून खिळ्याला टांगायची.

यात एक गंमत झाली. पूर्व भागात दर तीन घरांत एक लक्ष्मी. मराठीत याहून अवघड लिहायला नाव सापडायचं नाही, क्ष काय, त्याला लटकलेला म काय. म्हणून नाव आधी चित्रासारखं ओळखायचं आणि गिरवायचं. त्यातली अक्षरं यथावकाश येतात.

अक्षरं निवडा ती लगेच शब्द बनवणारी. क, म, ळ, ब, स एवढी पाच आली की कमळ, बस, कस, बळ. मग न, र, ग, प, त : नळ, नगर, गरम, परत. आमच्या वस्तीच्या नावाच्या शेवटी नगर आहे, त्यामुळं कमानीवरचा अर्धा शब्द तिसऱ्या आठवड्यातच वाचून झाला. मग काना : पान, काम, पगार. वेलांट्या आल्या की बिडी, तारीख. उकार आला की सूत, सूप, तंबाखू. रोज हाताळायच्या वस्तूचं नाव वाचता आलं की पुढचे दोन दिवस हजेरी भरगच्च असते, हा आमचा अनुभव.

फसगत कुठं होते ते आधी ठाऊक असू द्या. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात गोंधळ होतो. ते एकाच दिवशी शेजारी शेजारी शिकवू नका, दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. ‘ख’ सुटा काढला की ‘रव’ दिसतो. फोनवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, आपल्या बालभारतीतले वेगळे. ‘हे कुठलं अक्षर?’ असं विचारलं की दोन्ही वळणं फळ्यावर काढून दाखवा. आणि र. मराठीचा र म्हणजे बहुरूपी आहे : घर, बार्शी, प्रवास, ट्रक, दुसऱ्या. पाच ठिकाणी पाच सोंगं. त्याला आम्ही पूर्ण महिना दिला.

बोली सुधारायच्या भानगडीत पडू नका. ‘पानी’ म्हणणारीला ‘पाणी’ म्हणायला लावलं की ती म्हणायचंच बंद करते. लिहिताना ण दाखवा, बोलू द्या तिच्या तोंडचं. आमच्याकडं तर घरची भाषाच तेलुगू. तेलुगूत ‘पनि’ म्हणजे काम. फळ्यावर पाणी लिहिलं तेव्हा निम्मा वर्ग हसला, ‘काम प्यायचं का?’ अशा वेळी आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, मग तीच मराठीत. मला तेलुगू येत नव्हतं. वर्गाच्या निमित्तानं मीही शिकले, आणि माझे उच्चार ऐकून त्या ज्या हसतात, त्यानं त्यांच्या चुकांचं ओझं बरंच हलकं झालं.

आकडे

आकडे अक्षरांच्या आधीच येत असतात, नुसते लिहिता येत नाहीत. पंचवीस बिड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांची हजार, यात त्यांना कुणी फसवू शकत नाही. गोंधळ दोन लिप्यांचा होतो. दिनदर्शिकेवरचा मराठी एक आणि फोनवरचा इंग्रजी नऊ दिसायला भाऊ भाऊ. मराठी सात बघितला की इंग्रजी सहा वाटतो. म्हणून आधी इंग्रजी आकडे शिकवा. नोटा, फोन, एसटीची तिकिटं सगळीकडं तेच. मराठी आकडे नंतर दिनदर्शिकेवरून सहज येतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला, थट्टा झाली. मीही केली होती. वर्गात मात्र ती थट्टा माझ्यावरच उलटली. तेलुगूत एकवीस म्हणजे ‘इरवै ओकटि’, वीस एकच. फळ्यावर दोनापुढं एक लिहून ‘वीस एक’ म्हटलं की त्यांना तत्काळ कळतं. ‘एकोणसत्तर’ला मात्र अजून अडखळतात, आणि खरं सांगायचं तर मीही घटकाभर विचार करते.

आकडे येऊ लागले की प्रत्येकीला दिनदर्शिकेच्या चौकटीत रोजचा माल आणि छाट लिहायला लावा. महिनाअखेरीला कारखान्याच्या कार्डाशी ताळा घ्यायचा. आमच्या वर्गातल्या एकीला दोन ठिकाणी फरक सापडला. त्यातला एक तिचाच चुकला होता, दुसरा नव्हता. तिनं कारखान्यात जाऊन तो दुरुस्त करून घेतला. आम्ही सोबत गेलो नाही, तिनं नको म्हटलं.

पायरी सातवी : एसटी स्टँड

चार-पाच महिन्यांनी वर्ग बाहेर न्या. आम्ही तेरा जणींना घेऊन एसटी स्टँडवर गेलो. कुठं जायचं नव्हतं, नुसत्या पाट्या वाचायच्या. पंढरपूर सोपं गेलं. तुळजापूर सगळ्यांना आलं, पण ते वाचून आलं की गाडीतल्या गर्दीवरून, सांगता येत नाही. बार्शीच्या रफारानं घाम काढला. अक्कांपैकी एक, सगळ्यात मागं राहणारी, एका पाटीपुढं बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. ‘अ... क्क...’ मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘हे तर अक्कातलं अक्क आहे.’ आणि पुढचं लकोट एका दमात. गाडी सुटेपर्यंत तिनं ती पाटी चार वेळा वाचली. कंडक्टरनं विचारलं, ‘मावशी, बसायचंय का?’ म्हणाली, ‘नाही, वाचायचंय.’

अशा फेऱ्या दर दोन महिन्यांनी ठरवून ठेवा : पोस्ट, बँक, रेशन दुकान, औषधाचं दुकान. त्या दिवशी फळा नाही, पाटी नाही.

पायरी आठवी : हजेरीचे खड्डे

वर्षाचं वेळापत्रक करताना वस्तीचं पंचांग हाताशी घ्या. आमच्याकडं नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्याच्या आधीचा आठवडा वर्ग नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानावर, अख्खं सोलापूर लोटतं, तेव्हा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी तीनला पत्र्याखाली बसणं म्हणजे भट्टीच, तेव्हा सकाळी सातला तासभर. ऊसतोडीच्या गावात असाल तर दसरा-दिवाळीनंतर माणसंच नसतात, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तिथं वर्ग पावसाळ्यातच चालवावा लागेल. आधी सांगून दिलेल्या सुट्टीनंतर बायका परत येतात. न सांगता तुम्ही दोनदा गैरहजर राहिलात की येत नाहीत.

कुणी आठवडाभर आली नाही तर घरी जा, पण ‘का आली नाहीस?’ असं विचारू नका. चहा प्या, निघताना आजचा शब्द कोळशानं त्यांच्या ओट्यावर लिहून या.

काही नियम, मोडायचे नाहीत

कुणाचा एटीएमचा पिन, ओटीपी जाणून घेऊ नका. त्या स्वतःहून फोन पुढं करतील, ‘तूच बघ की गं बाई’. विश्वासानं करतील. मेसेज त्यांच्याकडूनच वाचून घ्या, अर्धा तास लागला तरी. उद्या खात्यातून दोनशे रुपये इकडचे तिकडे झाले तर पहिला संशय कुणावर येईल याचा विचार करा.

अर्ज भरून देणं हे वर्गाचं काम होऊ देऊ नका. सरकारी योजना जाहीर झाली की ओट्यावर कागदांची रांग लागते. एक दिवस ठरवून त्या दिवशी भरा, ज्याचा त्याला आधी स्वतःचं नाव-गाव लिहायला लावून.

फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि रडतानाचा, फुटक्या पाटीचा तर कधीच नाही. मुलांच्या वर्गात दार उघडं, दोन मोठी माणसं हजर, पालकांची लेखी परवानगी. मुलाला कुणी त्रास देतंय असं कळलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक ध्यानात ठेवा. स्वतः पंचायत भरवायला जाऊ नका.

पायरी नववी : सरकारी यंत्रणेशी जोडून घ्या

केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांसाठी, आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक, मानधनाशिवाय. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. शिकणाऱ्यांची आणि तुमची नोंद तिथून होते, वाचनपुस्तिकाही तिथंच विचारा. पहिल्या भेटीत काम होईल असं नाही. आमची यादी एका ठिकाणी तीन वेळा हरवली. चौथ्या वेळी दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोच घेतली.

शेवटी चाचणी असते. १५० गुणांची : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, प्रत्येकात ३३ टक्के हवेत. महाराष्ट्रात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. वर्गाला चाचणीपुरतं बांधू नका, पण ती टाळूही नका. प्रमाणपत्रावर स्वतःचं नाव वाचण्यात काय आहे ते आपल्यासारख्या प्रमाणपत्रांच्या फाइली बाळगणाऱ्यांना कळणार नाही.

मोठ्यांना शिकवायला आपण फार लहान आहोत असं वाटत असेल तर : सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांच्या वेळेला शाळा जुळवायची, ही कल्पना आपली नवी नाही.

पायरी दहावी : किल्ली सोपवा

तुम्ही शेवटच्या वर्षाला जाल, नोकरीला पुण्याला जाल. त्याची तयारी पहिल्या सहामाहीतच करा. गल्लीतलीच दहावी झालेली एखादी सून, बारावीतली मुलगी हेरून ठेवा. आधी तिला हजेरी द्या, मग आकडे, मग पूर्ण दिवस. आमच्याकडं आता मंगळवारचा वर्ग अशीच एक सून घेते. माझ्याहून बरा घेते, कारण ती तेलुगूत रागावू शकते.

चाचणीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीच्या घरी एक चक्कर मारा आणि पिशवी समोर भरून घ्या : आधार कार्ड, दोन निळी पेनं, पाण्याची बाटली, आणि चाळिशी. आमच्या पहिल्या चाचणीला दोघींनी ती घरी सुपातच विसरली होती. पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती, मी सायकल काढली. एकीची सुपात सापडली. दुसरीची तिच्या नवऱ्यानं डोळ्याला लावली होती, लाइट बिल बघत बसला होता.